लाकडी बाणाला निशाणा कसा असावा?
२०२३ साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे तिरंदाजीत जगज्जेते झाले. तेव्हापासून आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या वस्त्यांमधली पोरेही धनुष्य मागू लागली आहेत. मोठ्या खेळाडूंचे बाण कार्बनचे. आपल्या लेकरांची सुरुवात बांबूचे धनुष्य व लाकडी बाण यांवर. ‘इंडियन राउंड’ त्यावरच होतो.

लाकडी बाण वॉर्निशावर जगतो. ते खरवडले की ओल शिरते, बाण वाकतो. मजुराच्या घरी नव्या बाणांचा खर्च म्हणजे बुडालेली हजेरीच, हे आम्ही हिशेबाची माणसे म्हणून सांगतो.

मातीचा ढीग निशाणा म्हणून नकोच. खडे कानशीसारखे घासतात. हलका फोमही घातकी. बाण घुसताना तापतो, फोम चिकटतो आणि उपसताना वॉर्निश घेऊन येतो. खताची प्लॅस्टिक पिशवीही तशीच. कडब्याची धाटे टणक, ती जनावरांनाच ठेवावीत.

किराणा दुकानातले पुठ्ठे थरावर थर रचून, कडा समोर ठेवून आवळावेत. किंवा बारदानात जुन्या लुगड्यांच्या चिंध्या ठासाव्यात. गुंड्या, हूक आधी काढावेत. नवे वॉर्निश आठवडाभर वाळू द्यावे, टोकाकडे मेण चोळावे. उपसताना निशाण्यालगत धरून सरळ ओढावे, हलवू नये. आणि निशाण्यामागे रस्ता किंवा कोणाचे अंगण नसावे.