पिशवी गेली, मग खडा कुठला?

"पिशवीच काढल्यानी, मगे खडो खयसून इलो?" हा प्रश्न आमच्या वैभववाडीत मी एकापेक्षा अधिक घरांत ऐकला आहे. पित्ताशय काढलेले असते, त्यातले खडे बाटलीत भरून कपाटात जपलेले असतात आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा कळ येते, डोळे पिवळे दिसू लागतात. मग कणकवली, नाहीतर घाट चढून कोल्हापूर. सोनोग्राफी झाली तरी डॉक्टर आणखी एक तपासणी सांगतात आणि घरचे कुरकुरतात.

बँकेत उभी नोकरी झाल्यामुळे मला या कुरकुरीचे उत्तर हिशेबातच सुचते. पासबुक शिल्लक सांगते, जामीनदार कोण ते सांगत नाही. त्यासाठी दुसरा कागद काढावा लागतो. पोटाच्या चित्रांचेही तसेच आहे.

1924 साली अमेरिकेत ग्रॅहॅम आणि कोल यांनी पित्ताशय एक्स-रेमध्ये दिसेल अशी युक्ती काढली. पुढे त्यासाठी आदल्या रात्री आयोडीनच्या गोळ्या देत. सकाळी पिशवी उजळली, की तिची वाट मोकळी आहे असे समजे. खडे औषधाने विरघळवायचे तर हे कळणे महत्त्वाचे असे. सोनोग्राफी आली आणि गोळ्या मागे पडल्या. किरणोत्सर्ग नाही, फक्त उपाशीपोटी जायचे. पिशवीतला बारीक खडाही ती दाखवते. औषधाने खडा विरघळला की नाही, हे पाहायलाही तीच सोयीची.

पिशवी काढल्यावर मात्र प्रश्न बदलतो. आता शोधायची ती पित्तनलिका. खडा ऑपरेशनपूर्वीच तिच्यात घसरलेला असतो किंवा नंतर तिथेच तयार होतो. सोनोग्राफीत नलिका फुगलेली दिसू शकते, पण तिचे खालचे टोक आतड्यातल्या वायूआड दडते. सी. टी. स्कॅनमध्येही काही खडे दिसत नाहीत. एम.आर.सी.पी. चुंबकाच्या साहाय्याने सगळ्या नलिकेचा नकाशा काढते. ई.आर.सी.पी.मध्ये तोंडावाटे दुर्बीण घालून खडा काढताही येतो, पण स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. म्हणून ती केवळ चित्रासाठी सहसा करत नाहीत.

1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि ही शस्त्रक्रिया आपल्याकडे रुजली. व्रण इवलेसे राहिले, रुग्ण लवकर घरी येऊ लागले. मात्र व्रण दिसेनासा झाला म्हणजे खाते बंद झाले, असे नव्हे.

तेव्हा वाचकहो, ऑपरेशनचे कागद आणि जुने रिपोर्ट एका फायलीत ठेवा. नवी तपासणी सांगितली, की "यातून काय कळणार?" असे डॉक्टरांना नि:संकोच विचारा. अंगात पेसमेकर असेल तर एम.आर.सी.पी.पूर्वी सांगा. आणि कळेसोबत कावीळ व हुडहुडी भरून ताप आला, तर रात्र असली तरी निघा. घाट सकाळीही तिथेच असतो, पण हा आजार सकाळपर्यंत थांबेलच असे नाही.