पेशींना मिळणारा निरोप

रक्ताच्या कर्करोगाचे निदान झालेल्या बालकावर उपचार सुरू होतात, तेव्हा अगदी पहिल्या दिवसांपासून त्याला स्टेरॉइडच्या लहानशा गोळ्या दिल्या जातात. ‘स्टेरॉइड तर दम्यावर आणि सांधेदुखीवर देतात, मग आमच्या मुलाला कशासाठी?’ असा प्रश्न पालक विचारतात. काहींच्या मनात या शब्दाविषयीच धास्ती असते. या प्रश्नाचे उत्तर जीवशास्त्रातील एका विलक्षण शोधाशी निगडित आहे. आमचे विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे आप्त यांच्यासाठी ते येथे सोप्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पेशीचे दोन प्रकारचे मरण

भाजल्यामुळे, आघातामुळे किंवा रक्तपुरवठा तुटल्यामुळे पेशी मरते, तेव्हा ती फुगते, फुटते आणि तिच्यातील द्रव्ये आजूबाजूला पसरतात. परिणामी त्या जागी दाह होतो. हे अपघाती मरण होय. याहून वेगळे असे एक शांत, नियोजित मरणही असते. पेशी आक्रसते, तिच्यातील डीएनएचे तुकडे होतात, आवरणाला फोड येऊन तिचे छोटे छोटे भाग वेगळे होतात आणि शेजारच्या भक्षक पेशी ते गिळून टाकतात. कोठे सूज येत नाही, की व्रण राहत नाही.

केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी १९७२ साली या मरणाला ‘ॲपॉप्टॉसिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाने गळणे असा आहे. पिकले पान देठापासून अलगद सुटते आणि झाडाला इजा होत नाही, तसेच हे मरण. आपल्या शरीरात दररोज अब्जावधी पेशी अशा रीतीने जातात आणि त्यांच्या जागी नव्या येतात.

निरोप बाहेरून येतो

हे मरण कधी पेशीतील बिघाडामुळे ओढवते, तर पुष्कळदा बाहेरून आलेल्या रासायनिक संदेशामुळे. मराठीत ‘निरोप’ या एकाच शब्दाने संदेशही सांगितला जातो आणि अखेरची पाठवणीही. येथे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत.

पावसाळ्यात डबक्यात दिसणाऱ्या बेडकाच्या पिल्लांची शेपटी तुटून पडत नाही. थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक रक्तातून तेथे पोहोचते आणि शेपटीच्या पेशी क्रमाक्रमाने नाहीशा होतात. गुडरनाच यांनी १९१२ साली अशा पिल्लांना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा त्यांचे रूपांतर वेळेआधीच झाले. गर्भातील बाळाच्या बोटांमधील पडदाही शेजारच्या पेशींनी सोडलेल्या प्रथिनांच्या संदेशाने विरतो. बदकाच्या पायात हा संदेश अडवला जातो, म्हणून तेथे पडदा कायम राहतो.

काही संदेश पेशीच्या आवरणावरच स्वीकारले जातात. अशा संदेशांसाठी आवरणावर विशिष्ट प्रथिने असतात, त्यांना ग्राही म्हणतात. ‘फास’ हा असाच एक ग्राही आहे. रोगप्रतिकारक पेशीवरील जोडीदार प्रथिन त्याला येऊन चिकटले, की पेशीच्या आत कॅस्पेज नावाची विकरे एकामागून एक जागी होतात आणि पेशीची अंतर्गत रचना कापून टाकतात. जंतुसंसर्ग संपल्यावर कामावाचून उरलेल्या पांढऱ्या पेशी कमी करण्यात या व्यवस्थेचा मोठा वाटा असतो.

ही व्यवस्था बिघडली तर काय होते, हे १९९५ साली स्पष्ट झाले. काही मुलांमध्ये फासच्या जनुकात जन्मजात दोष आढळला. त्यांच्या पांढऱ्या पेशींना निरोप कळत नव्हता. त्यामुळे त्या साठत गेल्या, गळ्यातील गाठी व प्लीहा वाढली आणि शरीर स्वतःच्याच रक्तपेशींवर हल्ला करू लागले. याउलट, प्रयोगात उंदरांना फास जागा करणारे प्रतिपिंड टोचताच यकृताच्या पेशी मोठ्या प्रमाणावर मेल्या आणि काही तासांतच उंदीर दगावले. म्हणजे हा निरोप ऐकू न येणे जितके घातक, तितकेच तो नको त्या पेशींना ऐकू जाणेही घातक. उपचारासाठी हवा होता तो ठरावीक पेशींनीच मानावा असा निरोप.

स्टेरॉइडचे कार्य

असा एक निरोप आपल्या शरीरातच तयार होतो. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड संप्रेरक स्रवतात. डॉहर्टी आणि व्हाइट यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिले, की या ग्रंथींच्या संप्रेरकांमुळे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे साठे आक्रसतात. पुढे १९८० साली वायली यांनी सिद्ध केले, की स्टेरॉइडच्या प्रभावाखाली थायमस ग्रंथीतील अशा पेशींचा डीएनए ठरावीक मापाच्या तुकड्यांत कापला जातो. ही त्या शांत मरणाचीच खूण होती.

स्टेरॉइडला आवरणावरील ग्राहीची गरज नसते. ते आवरणातून सरळ आत शिरते, आतील ग्राहीशी जोडले जाते आणि पेशीकेंद्रात जाऊन काही जनुके चालू तर काही बंद करते. परिणामी पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांची आवरणे सच्छिद्र होतात आणि तीच कॅस्पेज विकरे कामाला लागतात. हाच निरोप यकृताच्या पेशीला मिळाला तर ती मरत नाही, केवळ साखर निर्माण करण्याचे काम वाढवते. निरोपाचा अर्थ ऐकणाऱ्या पेशीवर अवलंबून असतो.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग अपरिपक्व लिम्फोसाइट पेशींपासून उद्भवतो. वाढीवरचा ताबा सुटलेला असला, तरी यांपैकी बहुतेक पेशी स्टेरॉइडचा निरोप अजून ऐकतात. म्हणूनच काही उपचारपद्धतींत पहिले सात दिवस मुख्यतः स्टेरॉइड देऊन आठव्या दिवशी रक्त तपासतात. कर्कपेशी पुरेशा घटल्या असतील तर तो शुभसंकेत मानला जातो. परंतु काही पेशी या निरोपाला बहिऱ्या असतात आणि त्याच पुढे आजार परत आणतात. यासाठी स्टेरॉइडच्या जोडीला वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी इतर औषधे देणे अपरिहार्य ठरते. अशा एकत्रित आणि पूर्ण उपचारांमुळे आज प्रगत देशांत या आजाराची सुमारे ९० टक्के मुले वाचतात.

पालकांसाठी तीन गोष्टी

पहिली गोष्ट निदानापूर्वीची आहे. दीर्घकाळचा ताप, हाडे दुखणे, गाठी येणे, फिकटपणा अशी लक्षणे असताना तपासणीआधीच स्टेरॉइड दिले गेले, तर कर्कपेशी गाजावाजा न करता घटतात. मूल बरे वाटू लागते, रक्त आणि अस्थिमज्जेच्या तपासणीत आजार लपू शकतो आणि निदानाचा मोलाचा काळ हातचा जातो. म्हणून पूर्वी दिलेल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी डॉक्टरांना अवश्य दाखवावी.

दुसरी गोष्ट पहिल्या आठवड्याची. पेशी कितीही शिस्तीने मेल्या, तरी एकाच वेळी असंख्य पेशी गेल्यास युरिक ॲसिड आणि पोटॅशियम रक्तात वाढून मूत्रपिंडावर व हृदयावर ताण येतो. सलाइन, वारंवार होणाऱ्या रक्ततपासण्या आणि लघवीची मोजणी यासाठीच असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. स्टेरॉइडमुळे चेहरा सुजतो, भूक वाढते, मूल चिडचिड करते. निरोगी लिम्फोसाइटही घटत असल्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. त्यामुळे ताप आल्यास क्षणाचाही विलंब नको. तथापि, चेहरा सुजला म्हणून किंवा रक्त स्वच्छ दिसू लागले म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. अचानक बंद केल्यास शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल अपुरे पडून प्राणावर बेतू शकते. शिवाय उपचार अर्धवट राहिल्यास निरोप न ऐकणाऱ्या पेशींना मोकळे रान मिळते.

हे उपचार साधारणपणे दोन ते तीन वर्षे चालतात. गोळी स्वस्त आहे. खर्च होतो तो तपासण्या, रक्तघटक, प्रतिजैविके, प्रवास आणि पालकांच्या बुडालेल्या रोजगारावर. मूल हसू-खेळू लागल्यानंतरच्या या लांबलचक काळातच अनेक कुटुंबांचा धीर सुटतो आणि नेमक्या त्याच वेळी दात्यांचा हात त्यांना सर्वाधिक हवा असतो. पहिल्या महिन्याला दिलेली मदत बालकाला उभे करते, शेवटच्या महिन्यापर्यंत पुरलेली मदत त्याला उभे ठेवते.