ऑईलचा डबा आणि दुकानदाराची अमानत

‘ऑईल कोणते टाकू?’ असे मोटारसायकलवाला मिस्तरीला विचारतो आणि मिळालेले उत्तर डोळे झाकून मान्य करतो. म्हणूनच हा धंदा अमानतीचा आहे.

बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑईलमध्ये चालतात. मोटारीच्या काही ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. त्यामुळे क्लच घसरतो; इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ ही खूण पाहावी. ‘एमबी’ खुणेचे ऑईल बिनगिअरच्या स्कूटरसाठी असते. १०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-४०, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. महाग तेच योग्य, असे नव्हे.

दुसरा धोका बनावट मालाचा. वापरलेले ऑईल गाळून नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यांत भरले जाते. तेव्हा सील आपल्यासमोर फोडून घ्यावे, पक्की पावती मागावी आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा.

आपले अनेक तरुण गॅरेज आणि स्पेअर पार्टच्या धंद्यात आहेत. मालातील दोष लपवून केलेली विक्री इस्लामला मान्य नाही. चार पैशांसाठी ग्राहकाचे इंजिन बसले, तर ग्राहक जातो आणि कमाईतील बरकतही जाते.