‘सेवेशी संबंध नाही’ हे कोणी ठरवले?

गावातल्या पोराची फौजेत निवड झाली की चौकात फ्लेक्स लागतो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांत तर हे नेहमीचेच. चार-सहा महिन्यांनी तोच मुलगा ट्रेनिंग सेंटरमधून पेटी घेऊन परतला, तर मात्र कोणी उघडपणे काही विचारत नाही. ‘झेपलं नसेल’, ‘पळून आला असेल’ असे परस्परच ठरून जाते. घरचेही गप्प राहतात. पेटीत मेडिकल बोर्डाचा कागद असतो, पण तो कोणी नीट वाचलेला नसतो. त्यावरची एक ओळ त्या मुलाचे पुढचे आयुष्य ठरवणार असते, आणि त्या ओळीविरुद्ध दाद मागता येते, हे तर फारच थोड्यांना माहीत असते.

ती ओळ अशी : हा आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. इंग्रजीतल्या या शब्दांची आद्याक्षरे घेऊन वकील मंडळी तिला ‘नाना’ म्हणतात. नाव ऐकून हसू येईल, पण हा ‘नाना’ शेरा बसला की डिसेबिलिटी पेन्शनचा दावा तिथेच अडतो. उलट पेन्शन मंजूर झाली, तर वैद्यकीय कारणावरून परत पाठवलेला रिक्रूटसुद्धा सरकारी व्याख्येनुसार माजी सैनिक ठरतो आणि नोकरीतल्या सवलतींना पात्र होतो. म्हणजे पैशापेक्षाही बरेच काही या एका ओळीवर टांगलेले असते.

वैद्यकीयदृष्ट्या पाहिले तर बोर्डाला दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. आजार सेवेमुळे झाला का? आणि आधीपासून असलेला किंवा अंगात दडलेला आजार सेवेमुळे वाढला का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले म्हणून दुसऱ्याचेही ‘नाही’च येईल, असे नव्हे. घाईत लिहिलेल्या अहवालांत नेमकी हीच गल्लत होते, आणि अपिलाला जागा सापडते ती बहुधा इथेच.

सुरुवात हाडांपासून करू. हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. त्याच्यावर नवा भार आला की शरीर आधी जुना भाग कुरतडून काढते आणि मग तिथे मजबूत भाग भरते. कुरतडण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत उरकते, भरण्याला मात्र काही महिने लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कमजोर असते. नेमक्या याच आठवड्यांत ट्रेनिंग सेंटरमधली दौड, ड्रिल, पाठीवरचे वजन आणि नवे बूट यांचा मारा सर्वाधिक असतो. त्यातून नडगीच्या किंवा पंजाच्या हाडाला बारीक चीर जाते. हा स्ट्रेस फ्रॅक्चर. प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांचे वर्णन केले, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला अजून ४० वर्षे होती. त्या दुखण्याला ‘मार्च फ्रॅक्चर’ असे नावच पडले.

आज एक्स-रे आहे, तरी अडचण संपलेली नाही. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसते. त्यामुळे मुलगा एमआय रूममध्ये जातो, एक्स-रे ‘नॉर्मल’ येतो, वेदनाशामक गोळी मिळते आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मैदानात उतरतो. उस्तादांना तो कामचोर वाटतो. तो दौडीत मागे पडतो, चाचणीत नापास होतो आणि पुढच्या बॅचमध्ये ढकलला जातो. शेवटी कागदावर आजाराचे नावही येत नाही. ‘कार्यक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही’ एवढेच लिहिले जाते.

कायद्याचा एक बारकावा इथे समजून घ्यायला हवा. कसम परेड होईपर्यंत रिक्रूट भरती झालेला असतो, पण शपथबद्ध झालेला नसतो. आर्मी रूल १३ नुसार शपथबद्ध जवानाला वैद्यकीय कारणावरून काढायचे, तर इन्व्हॅलिडिंग बोर्डाची शिफारस लागते. शपथ न झालेल्या रिक्रूटला घरी पाठवण्याचे अधिकार कमांडिंग ऑफिसरकडे बरेच मोकळे असतात. म्हणून मुलगा परत आला की पहिला प्रश्न विचारायचा तो हाच : कागदावर वैद्यकीय कारण आहे की अकार्यक्षमता? की ‘स्वतःच्या विनंतीवरून’? हा तिसरा प्रकार सर्वांत घातक. आजारी, खचलेल्या मुलाने घरी जायच्या ओढीने सही केलेली असते, आणि आपण विनंती केली म्हणजे नेमके काय केले हे त्याला ठाऊकच नसते.

हाडांच्या बाबतीत निदान कार्यकारणभाव डोळ्यांना दिसतो. खरा वाद होतो तो मेंदूच्या आजारांवरून. भरतीचे वय साधारण साडेसतरा ते एकवीस. पुरुषांत स्किझोफ्रेनिया सुरू होण्याचा काळ किशोरवयाच्या शेवटापासून पंचविशीपर्यंतचा. अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याचा, पहिला झटकाही या वयात येऊ शकतो. झोप अपुरी झाली की झटक्याची शक्यता वाढते, हे कोणताही न्यूरॉलॉजिस्ट सांगेल. आणि ट्रेनिंगमध्ये झोप अपुरीच असते. भरतीच्या तपासणीत प्रत्येकाचा ईईजी काढला जात नाही. काढला, तरी दोन झटक्यांच्या मधल्या काळातला ईईजी नॉर्मल येऊ शकतो. मानसिक आजार तर सुरू होण्यापूर्वी कोणत्याच तपासणीत पकडता येत नाही.

मग हा आजार ‘सेवेमुळे’ झाला का? विज्ञानाचे प्रामाणिक उत्तर असे की प्रवृत्ती बहुधा आधीपासून होती आणि ठिणगी कशाने पडली, हे एका विशिष्ट माणसाबाबत खात्रीने सांगता येत नाही. बोर्ड अशा वेळी ‘कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर’, म्हणजे उपजत प्रकृतीतला दोष, असे लिहून मोकळे होते. ते पूर्ण चूक नसते, पण त्याने वाढ झाली का, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने या अनिश्चिततेचा भार कोणावर टाकायचा, ते २ जुलै २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात सांगितले. तो जवान रिक्रूट नव्हता. नऊ वर्षे सेवा झाल्यावर फिटच्या आजारामुळे त्याला घरी पाठवले होते आणि संबंध नाही असा शेरा मारला होता. न्यायालयाने १९८२ च्या पात्रता नियमांवर बोट ठेवले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस निरोगी होता असे गृहीत धरायचे. पुढचा बिघाड सेवेमुळे झाला असे मानायचे. संशयाचा फायदा जवानाला द्यायचा. आजार भरतीच्या वेळी सापडणे शक्यच नव्हते, असे बोर्डाला म्हणायचे असेल, तर त्याची कारणे त्याने लिहून द्यायची. जून २०१४ मध्ये याच न्यायालयाने आणखी स्पष्ट शब्द वापरले : वेगळा निष्कर्ष काढणे म्हणजे भरती करणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या निष्काळजीपणाला बक्षीस देण्यासारखे आहे. पेन्शनसाठी अपंगत्व किमान २० टक्के लागते. सेवेतून काढण्याइतका आजार असेल, तर तो २० टक्क्यांच्या वर आहे असेच धरावे, असेही त्या निकालात म्हटले आहे.

याचा अर्थ प्रत्येक दावा जिंकतो असा नाही. २०१९ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाचे मत मान्य करून जवानाची मागणी फेटाळली. मे २०२५ मध्ये त्याच आजाराच्या दुसऱ्या प्रकरणात, बोर्डाने कारणेच दिली नाहीत म्हणून निकाल जवानाच्या बाजूने लागला. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की लक्षात येते, आजाराच्या नावापेक्षा बोर्डाच्या कागदावर काय लिहिले आहे आणि काय लिहायचे राहिले आहे, याला वजन जास्त आहे.

नियमही बदलत गेले आहेत. १ जानेवारी २००८ नंतर बाहेर पडलेल्यांना २००८ चे नियम लागू होतात. त्यांत ‘केवळ सेवेत असताना आजार दिसला म्हणून तो सेवेमुळे झाला असे होत नाही’ अशा आशयाचे वाक्य आहे. मात्र पुरावा देण्याची जबाबदारी साधारणपणे जवानावर नाही, हे तिथेही कायम आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून आणखी नवे नियम आले. म्हणून वकिलाकडे जाताना डिस्चार्जची तारीख आधी सांगावी. जुन्या निकालांचे दाखले त्या तारखेनुसारच तोलले जातात.

आता कागदांकडे वळू. सर्वांत मोलाचा कागद भरतीच्या वेळच्या तपासणीचा, ज्यावर मुलगा फिट असल्याची नोंद आहे. दुसरा म्हणजे बोर्डाचा पूर्ण अहवाल, एएफएमएसएफ-१६ या फॉर्मवरचा, फक्त शेवटचे पान नव्हे. मग एमआय रूमच्या आणि लष्करी रुग्णालयाच्या नोंदी. पडून किंवा मार लागून दुखापत झाली असेल, तर इन्ज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे कागद. हे सगळे रेकॉर्ड ऑफिसकडून मागता येते. दिले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. आपल्याच आजाराची माहिती मागण्यात संकोच कसला?

जोडीला घरी परतल्यावर लगेच जिल्हा रुग्णालयात किंवा तज्ज्ञाकडे तपासणी करून घ्यावी. महिन्याभरातल्या एमआरआयचे जे मोल आहे, ते तीन वर्षांनी काढलेल्या एमआरआयचे नाही. बरे झालेल्या हाडात तोवर काही दिसेलच असे नाही. आणि डॉक्टरांना एक विनंती : ‘लष्करी सेवेमुळेच झाले’ असे प्रमाणपत्र देऊ नये, ते कोणी मानत नाही. लक्षणे कधी सुरू झाली, काय आढळले आणि हा ताण आजार वाढवू शकतो का, एवढेच स्पष्ट लिहावे.

अपील पायरीपायरीने जाते. दावा फेटाळल्याचे पत्र आले की सहा महिन्यांत पहिले अपील, तेही फेटाळले तर दुसरे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, म्हणजे एएफटी. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे एक खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत तिथे अर्ज करायचा असतो. अपील करूनही सहा महिने उत्तरच आले नाही, तरी त्यापुढच्या सहा महिन्यांत न्यायाधिकरणाचे दार उघडते. सबळ कारण असेल, तर उशीर माफ होतो. पेन्शनचा हक्क दरमहा नव्याने डावलला जातो असे मानले जात असल्याने वर्षानुवर्षांनीही दावे दाखल झाले आहेत. पण मग थकबाकी साधारणपणे मागच्या तीनच वर्षांची मिळते.

अपील नेमके कशासाठी, हेही घरी बसून ठरवावे. पुन्हा ट्रेनिंगला जायचे आहे, की पेन्शन हवी आहे? स्ट्रेस फ्रॅक्चर असेल, तर हाड भरून येते. फेरतपासणीची मागणी करून परत जाण्याचा आग्रह धरण्यात अर्थ आहे. अपस्मार असलेल्या मुलाने मात्र रायफल, उंची आणि रात्रपाळीच्या आयुष्यात परत जावे, असे कोणताही डॉक्टर सुचवणार नाही. तिथे डिस्चार्ज योग्य आणि शेरा चुकीचा, असे असू शकते, आणि भांडायचे ते फक्त शेऱ्याविरुद्ध. दोन्ही मागण्या एकाच अर्जात कोंबल्या की एकीने दुसरी कापली जाते : ‘मी पूर्ण बरा आहे’ आणि ‘मी अपंग आहे’ हे एका दमात कसे म्हणणार?

अग्निवीरांसाठी हिशेब वेगळा आहे. त्यांना पेन्शन नाही. सेवेमुळे झालेल्या किंवा वाढलेल्या अपंगत्वासाठी १००, ७५ आणि ५० टक्क्यांच्या टप्प्यांनुसार ४४, २५ किंवा १५ लाख रुपयांची एकरकमी मदत आहे. म्हणजे इथेही कुलूप त्याच ओळीचे. आणि एकरकमी मदत एकदाच ठरते, त्यामुळे बोर्डाच्या अहवालावरची हरकत वेळेत नोंदवणे त्यांच्यासाठी अधिकच गरजेचे.

खडकवासल्याच्या एनडीएतल्या कॅडेटची गोष्ट याहून अवघड आहे. कमिशन मिळण्यापूर्वी तो अधिकारी नसतो आणि जवानही नसतो. त्यामुळे मणक्याला इजा होऊन कायमचा खिळला, तरी त्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही, फक्त सानुग्रह रक्कम मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कॅडेटांची स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात सरकारने माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेची दारे त्यांच्यासाठी उघडली. उपचारांचा प्रश्न त्यामुळे काहीसा हलका झाला.