चित्रपट तयार झाला. आता न्यावा कोठे?

भोरहून वरंधा घाटाच्या वाटेला लागले म्हणजे नीरा-देवघर धरणाचे पाणी बराच वेळ सोबत करते. त्याच वाटेवर हिर्डोशी आहे. हिर्डस मावळातले हे गाव. आषाढात समोरचा डोंगर दोन-दोन दिवस दिसत नाही. भातलावणीच्या दिवसांत आम्ही तेथे एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. संध्याकाळी चहाच्या वेळी शेजारच्या घरातला एक तरुण आला, थोडा वेळ दाराशीच उभा राहिला आणि मग म्हणाला, "काका, मी एक पिक्चर बनवलाय. अठरा मिनिटांचाच आहे. बघता का?"

आम्ही पाहिला. मोबाईलवर काढलेला आणि मोबाईलवरच जोडलेला तो लघुपट त्याच्या आजीवर होता. आजीचे जुने घर धरणाखाली गेलेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की म्हातारी काठी टेकीत खाली उतरते, आपल्या घराचे जोते शोधते आणि त्यावर घटकाभर बसून परत येते. एवढीच गोष्ट. ध्वनी ठिकठिकाणी वाऱ्याने खाल्लेला होता आणि शेवट उगीच लांबला होता. पण जोत्यावर बसल्यावर आजी हाताने माती सारते ते दृश्य आमच्या डोळ्यांसमोरून अद्याप हललेले नाही.

मग त्याने खिशातून एक कागद काढला. एकवीस चित्रपट-महोत्सवांची नावे, प्रत्येकापुढे प्रवेश फी, आणि खाली बेरीज. दुधाच्या पैशांतून वर्षभर बाजूला टाकलेली सारी शिल्लक त्या बेरजेत जात होती. "भरू का?" त्याने विचारले. आम्हांला उत्तर देता आले नाही. पुढच्या काही महिन्यांत आम्ही जाणत्यांना विचारून, वाचून जे मिळवले ते आज येथे मांडीत आहोत. कारण असा कागद खिशात घेऊन हिंडणारी मुले आता प्रत्येक तालुक्यात आहेत.

हा प्रश्न नवा नाही हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १९१२ साली दादासाहेब फाळके विलायतेहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा त्यांच्याजवळ विद्या होती, पण भांडवल नव्हते. त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप उगवून वाढताना रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वाढलेले दिसले, आणि ते पाहून पैसा देणारा मनुष्य तयार झाला. पुढे १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' झळकला. आज नवशिके आपला दोन मिनिटांचा नमुना घेऊन निर्मात्यांच्या दारी जातात, ते फाळक्यांचेच रोप आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांना तर कॅमेराही आपल्या हातांनी सिद्ध करावा लागला आणि पाठीशी उभ्या राहिल्या त्या तानीबाई कागलकर, एक गायिका. धनिकांच्या आधी कलावंताला कलावंताची पारख होते, असे निदान येथे तरी घडले.

त्या काळी अवघड होते ते यंत्र मिळवणे. आज यंत्र खिशात आहे. अवघड झाला आहे तो पडदा, आणि त्याच्यासमोर बसणारा माणूस. महोत्सव म्हणजे काय हे समजून घ्यायचे ते यासाठी.

पुष्कळांची समजूत अशी की महोत्सव म्हणजे स्पर्धा. चित्र पाठवायचे, बक्षीस मिळाले तर मिळाले. खरे पाहता चांगल्या महोत्सवाच्या अंगी तीन कामे असतात. तो निवड करतो, म्हणजे अपरिचित चित्राची जबाबदारी घेतो. तो बाजार भरवतो. तेथे वितरक, निर्माते आणि इतर महोत्सवांचे लोक हिंडत असतात. आणि अलीकडे तो शाळाही चालवतो: अपुऱ्या संहिता आणि अर्धवट संकलने घेऊन जाणाऱ्यांना तेथे जाणकार शिकवतात. नवख्याला बक्षिसापेक्षा ह्या तिसऱ्या कामाचा उपयोग अधिक, असे आमचे मत झाले आहे.

मराठी चित्राची परदेशी महोत्सवाशी ओळख जुनी आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली पूर्ण झाला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. त्याच व्हेनिसात २०१४ साली चैतन्य ताम्हाणे ह्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या 'कोर्ट'ने 'ओरिझोन्ती' विभागाचे पहिले पारितोषिक आणि पदार्पणाच्या चित्राचे पारितोषिक अशी दोन्ही आणली. 'कोर्ट' लिहिला जात असताना हॉलंडातील रॉटरडॅम महोत्सवाच्या 'ह्यूबर्ट बाल्स' निधीतून त्याला साह्य मिळाले होते, ही गोष्ट बक्षिसाच्या बातमीत हरवून जाते. पाठबळ संहितेच्या वेळीच मिळाले. टाळ्या नंतर पडल्या. २०२५ च्या जानेवारीत रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला अमेरिकेतील सन्डान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. कानवडे हे मुंबईच्या झोपडवस्तीत वाढलेले, मोटार चालविणाऱ्याचे चिरंजीव. चित्रपटाच्या कोणत्याही शाळेत गेलेले नाहीत. पण ह्या चित्राची संहिता व्हेनिसच्या बिएनाले कॉलेजच्या कार्यशाळेतून गेलेली होती, आणि त्याआधी त्यांनी लघुपट करून हात बसवला होता.

हिर्डोशीच्या तरुणाला आम्ही ज्याचे नाव प्रथम सांगितले तो मात्र 'स्थळ'. जयंत सोमलकर यांचा हा चित्रपट चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावात चित्रित झाला. भूमिका बव्हंशी गावच्याच माणसांनी केल्या, ज्यांनी पूर्वी कॅमेऱ्यापुढे पाऊल टाकले नव्हते. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम आपणां सर्वांच्या घरी झालेला आहे. तोच पाटावर बसलेल्या मुलीच्या बाजूने दाखवला आहे. २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात ह्या चित्राला 'नेटपॅक' पारितोषिक मिळाले. महाराष्ट्रातल्या चित्रगृहांत ते लागले २०२५ च्या मार्चमध्ये. मधली दीड वर्षे पाहा! परदेशात गौरव झाला तरी आपल्या गावच्या पडद्यापर्यंतची वाट तेवढीच लांब राहते.

बक्षिसानेही खर्च भागत नाही. २००४ साली संदीप सावंत यांच्या 'श्वास'ला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला लाभलेला तो मान. पुढे ऑस्करसाठी भारतातर्फे त्याची निवड झाली, आणि मग कळले की अमेरिकेत चित्र दाखवीत हिंडायलाच पैसा लागतो. तो अखेर लोकवर्गणीतून उभा करावा लागला. शाळकरी मुलांनीही त्यात हात लावला.

आता घराजवळच्या वाटा पाहू. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर, जेथे प्रभातचा स्टुडिओ होता, तेथे १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिचे मोठे अभ्यासक्रम सर्वांना शक्य नाहीत. परंतु थोड्या दिवसांचे वर्ग आणि चित्रपट-रसास्वादाचा अभ्यासक्रम हे नोकरी-शेती सांभाळून करता येतात. १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तेथून हाकेच्या अंतरावर आहे. २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात सामील झाले आहे. जानेवारीच्या सुमारास पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. २००२ साली सुरू झालेल्या ह्या महोत्सवात मराठी चित्रांचा स्वतंत्र स्पर्धाविभाग असतो आणि त्याचे शासकीय पारितोषिक 'संत तुकाराम' ह्याच नावाने दिले जाते. कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर येथेही महोत्सव होतात.

आमच्या तरुणाचे चित्र अठरा मिनिटांचे, आणि माणूस खरा, घर खरे. अशा चित्राची जागा निराळी. मुंबईत १९९० पासून दर दोन वर्षांनी माहितीपट, लघुपट आणि सचेतपट यांचाच महोत्सव भरतो. तिरुवनंतपुरमला केरळ सरकारचा असाच एक महोत्सव आहे. तेथे लघुपट हा मोठ्या चित्राआधीचा उपचार नसतो. लोक तो पाहण्यासाठीच येतात. पुण्यात उमेश कुलकर्णी यांच्या 'अरभाट'ने लघुपटांचे मंडळ चालवले, तेही लघुपटाला पाहुणा न मानता.

गोव्याचा महोत्सव सर्वांना ठाऊक आहे. १९५२ साली मुंबईत सुरू झालेला भारताचा हा आंतरराष्ट्रीय महोत्सव २००४ पासून गोव्यात स्थिरावला. त्याच्या बाजूला २००७ पासून भरणारा 'फिल्म बाझार' मात्र फारसा कोणाला माहीत नाही. तेथे तयार होत असलेली चित्रे दाखवता येतात, सहनिर्माते शोधता येतात. पूर्ण लांबीची संहिता हाती असलेल्याने बक्षिसाच्या मांडवाऐवजी येथे आधी जावे. शिवाय २०२१ पासून तरुण कलावंतांची देशभरातून निवड करून त्यांना महोत्सवात बोलावण्याची एक योजना आहे. निवडलेल्यांचे गट करून अठ्ठेचाळीस तासांत एक लघुपट पुरा करायला लावतात. आमच्या तरुणाला हे ऐकून हसू आले. "आमच्याकडं वीजच तेवढा वेळ सलग नसते," तो म्हणाला.

राज्य शासनाचे अर्थसाह्यही आहे. दर्जा ठरवून, 'अ' आणि 'ब' अशी प्रतवारी लावून मराठी चित्रपटांना ते मिळते. पण ते चित्र पूर्ण झाल्यावर. पहिला रुपया कोठून आणावा, याला त्यात उत्तर नाही.

आता त्या एकवीस नावांकडे वळू. आम्ही एकेक तपासले. त्यांतली बरीचशी अशी निघाली की जेथे पडदा नाही, प्रेक्षक नाही, पंचांची नावे नाहीत. फी भरली की दर महिन्याला कोणाला ना कोणाला बक्षीस, आणि मानचिन्ह हवे असेल तर त्याचे पैसे वेगळे. हा धंदा जगभर चालतो आणि तो नवख्याच्या अधीरपणावर चालतो. फी घेणे हेच गैर, असे मात्र समजू नये. मोठमोठे महोत्सवही घेतात. विचारायचे ते इतकेच: मागच्या वर्षी कोणती चित्रे दाखवली, कोणत्या थिएटरात, आणि पंच कोण होते? ह्या प्रश्नांना सरळ उत्तर नसेल तेथे दुधाचा पैसा जाऊ देऊ नये.

आणखी काही बाबी आहेत. लहान दिसतात, पण त्यांवरूनच चित्रे परत येतात. काही महोत्सवांना चित्र पूर्वी कोठेही न दाखवलेले लागते. उत्साहाच्या भरात ते आधीच सर्वांसाठी इंटरनेटवर चढवले तर ती दारे बंद होतात. चित्र अमुक तारखेनंतर पूर्ण झालेले असावे अशीही अट असते. इंग्रजी उपशीर्षके नीट हवीत. येथे काटकसर करू नये. आणि संगीत! आमच्या तरुणाने शेवटी एका जुन्या चित्रपटातले गाणे घातले होते. गाणे सुंदर होते, पण ते त्याचे नव्हते. हक्कदाराच्या लेखी परवानगीवाचून ते ठेवणे म्हणजे सगळे चित्र धोक्यात घालणे. त्याऐवजी आजीच्या तोंडची जात्यावरची ओवी ध्वनिमुद्रित कर, असे आम्ही सुचवले. आणखी एक, तिकीट लावून चित्रगृहात दाखवायचे तर केंद्रीय प्रमाणन मंडळाचा दाखला हवा. महोत्सवांना त्यातून सूट मिळू शकते, म्हणून नवख्याने त्या खर्चाची घाई करू नये.

श्रोतेहो, वयाविषयीही एक शब्द. सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या. 'बाई' हा त्यांचा पहिला लघुपट १९८५ साली आला, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उलट नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हे अहमदनगरच्या महाविद्यालयातले विद्यार्थ्याचे काम होते. तेव्हा उशीर झाला किंवा फार लवकर झाले, ह्या दोन्ही सबबी चालत नाहीत. मालेगावच्या यंत्रमागवाल्यांनी तर महोत्सवाची वाटच पाहिली नाही. आपली चित्रे आपल्याच गावच्या व्हिडिओ पार्लरात लावली आणि तेथे गर्दी करून पाहिली. आपल्या गावांतून व्याख्यानाला दोनशे माणसे जमतात. महिन्यातून एक संध्याकाळ त्याच सभागृहात चार लघुपट लावायला आडकाठी कसली आहे, हे आम्हांला समजलेले नाही.

आम्ही दिवाळीनंतर पुन्हा हिर्डोशीला गेलो. एकवीसांच्या कागदावर आता तीन नावे उरली होती. गाणे निघून गेले होते आणि तेथे ओवी आली होती, जराशी खोकल्याने तुटलेली, पण तशीच ठेवलेली. शेवट दोन मिनिटांनी आखूडला होता. उपशीर्षके शाळेतल्या बाईंनी करून दिली. अडले ते 'जोते' ह्या शब्दापाशी. इंग्रजीत पाया म्हणावे तर ते घर उभे असल्यासारखे वाटते, अवशेष म्हणावे तर राजवाड्याचे वाटते. दोन दिवस त्यावर बाईंचा आणि त्याचा वाद चालला होता. एका महोत्सवाकडून नकार आला आहे, दोन ठिकाणचे उत्तर यायचे आहे. देवळासमोर चादर बांधून गावाला चित्र दाखवले तेव्हा आजी पहिल्या रांगेत होती. पाहून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, की चुलीची जागा त्याने चुकीची दाखवली आहे. येत्या उन्हाळ्यात पाणी खाली गेले की ती स्वतः दाखवील.