कर्करोग निधी आणि स्वयंसेवकाचे काम

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयातील दहा-बारा मुले घेऊन मी पारोळ्याच्या आठवडे बाजारात गेलो होतो. कर्करोगाच्या गरीब रुग्णांसाठी निधी जमवायचा होता. मुलांच्या गळ्यात मोहोर लावलेले डबे, छातीवर बिल्ले, खिशात पावतीपुस्तके. सगळी तयारी चोख होती. एक मुलगा भाजीवाल्या आजीपुढे उभा राहिला. आजीने दहाची नोट काढली, पण डब्यात टाकली नाही. मुलाकडे निरखून पाहत म्हणाली, "भाऊ, पैसा टाकस मी, पन तुना तोंडमा काय शे?"

मुलाच्या गालात तंबाखूची गोळी होती.

"आधी थुकी ये, मंग माग," आजी म्हणाली. मुलगा गेला, चूळ भरून आला, तेव्हा कुठे नोट डब्यात पडली. आजूबाजूचे हसले, मीही हसलो. पण परतीच्या एस.टी.त काही बोलावेसे वाटेना. डब्यांच्या मोहोरा मी स्वतः तपासल्या होत्या. मुलांची तोंडे तपासायचे मला सुचले नव्हते. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील दर चार प्रौढांमागे एकजण तंबाखूचे सेवन करताना आढळला, आणि त्यातले बहुतेक ती ओढणारे नव्हेत, तोंडात ठेवणारे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते, हे आपल्या गावच्या कोपऱ्यावर उभे राहिले की दिसते.

आता कोणी विचारील, सरकारी योजना असताना हे डबे कशाला? प्रश्न रास्त आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा मोठा भार हलका होतो, हे खरे. पण तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार घ्यावे लागले, तर ते एका दिवसात संपत नाहीत. आठवड्याचे पाच दिवस, असे सहा-सात आठवडे रोज यंत्राखाली जावे लागते. उपचार मुंबईला असेल तर जळगावहून ती सव्वाचारशे किलोमीटर आहे. सालदार माणूस दीड महिना तिथे राहणार कुठे, खाणार काय, आणि सोबत आलेल्या बायकोची मजुरी बुडते ती कोण देणार? किरणोपचार फुकट असूनही अर्ध्यावर सोडून आलेला माणूस मी पाहिला आहे. उपचाराला तो कंटाळला नव्हता. भाकरीला पैसे उरले नव्हते. डब्यातल्या पैशाचे काम असते ते इथे.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय हेदेखील एका घरातल्या दुःखातून उभे राहिले. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी पुढच्याच वर्षी वारले, आणि त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले. एवढे मोठे दान एखादाच करू शकतो. पण रुग्णाला पाठ टेकायला जागा लागते, ती लहान दानांतूनही होते. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात येणारे बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. लोकांच्या पैशातून बाबांनी धर्मशाळा उभारल्या, पण स्वतःच्या घरादारासाठी त्यातले काही घेतले नाही. वर्गणी मागणाऱ्याला लोक ओळखतात ते यावरूनच.

माणशी थोडे, पण सर्वांकडून, ही कल्पना आपल्याला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा पैसा जमवून पैसा फंड उभा केला आणि १९०८ साली तळेगावला त्यातून काचेचा कारखाना निघाला. पुढे १९८० साली कॅनडात टेरी फॉक्स नावाच्या तरुणाने हाच विचार धरला. कर्करोगाने त्याचा एक पाय कापावा लागला होता. कृत्रिम पायाने तो १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. मागणे एवढेच, की प्रत्येक देशबांधवाने एक डॉलर द्यावा. रोग फुप्फुसात पसरल्याने त्याला थांबावे लागले आणि १९८१ च्या जूनमध्ये तो गेला. त्याआधी, फेब्रुवारीतच, माणशी एक डॉलर जमला होता. निधीसाठी धावण्याचे कार्यक्रम आता आपल्याकडेही होतात. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये २००४ पासून नाना धर्मादाय कामांसाठी पैसा उभा राहतो.

मला मात्र असल्या कार्यक्रमांत एक धास्ती वाटते. एका गावी मी पाहिले, जमलेल्या रकमेतली निम्मी मंडप, हारतुरे आणि छापील सदऱ्यांतच गेली. पाहुण्यांचे भाषण मात्र तासभर! त्या गावात दुसऱ्या वर्षी कोणी दार उघडीना. म्हणून स्वयंसेवकाने आधी कागद पाहावा. संस्था नोंदलेली आहे का? नसेल तर वर्गणीआधी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात रीतसर परवानगी मागावी लागते. डबा संध्याकाळी चारचौघांत उघडावा, मोजणीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि आकडा दुसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर लिहावा. खर्चही लिहावा, लोकांना खर्च खुपत नाही, लपवाछपवी खुपते. दोन हजारांवर रोख देणाऱ्याला आयकराची सवलत मिळत नाही, तेव्हा मोठी रक्कम धनादेशाने घ्यावी. गुरुजी मंडळींनी लहान मुलांना एकटे पैसे मागायला मुळीच पाठवू नये.

डब्यासोबत थोडी माहितीही जवळ हवी. रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला असला, तर उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला रेल्वेच्या शयनयान डब्यात भाडे पडत नाही आणि सोबत्याला एक चतुर्थांशच द्यावे लागते. अनेकांना हे ठाऊकच नसते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, घास घेताना तोंड पूर्वीसारखे न उघडणे, यांतले काही दिसले तर थांबू नये, हेही सांगता आले पाहिजे.

धुळ्याच्या एस.टी. स्थानकावर आमच्या एका विद्यार्थिनीला याचा अनुभव आला. एक बाई डब्याजवळ येऊन घुटमळत होती. पैसे काढीना, पुढेही जाईना. शेवटी पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाली, बरीच वर्षे मिसरी लावते, गालात आतून काही खरखरते, घरी अजून सांगितले नाही. मुलीने तिला बाकावर बसवले, पावतीच्या पाठीमागे सरकारी रुग्णालयातल्या दंत विभागाची वेळ लिहून दिली, आणि सोमवारी दहा वाजता मीही तिथे येते, म्हणाली. त्या दिवशी तिच्या डब्यात सर्वांत कमी पैसे निघाले. सोमवारी ती तासाला गैरहजर होती. मी हजेरी लावली.