भाताचं तूस वाया घालवू नका!

भिवंडी तालुक्यातल्या काल्हेरची ओळख आता गोदामांची, पण तालुक्याचं मुख्य पीक आजही भातच. १०० किलो भात भरडला की साधारण २० किलो तूस निघतं. ते जाळलं की पाचवा हिस्सा राख उरते, आणि त्या राखेत ८५ ते ९० टक्के सिलिका! मात्र सगळी मेख आचेत आहे. ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला जाळलेल्या तुसाची बारीक दळलेली राख काँक्रीटमध्ये थोड्या सिमेंटऐवजी चालते. आच फार वाढली तर सिलिका स्फटिकरूप होते. मग ती सिमेंटशी नीट एकजीव होत नाही, शिवाय तिची धूळ फुप्फुसांना घातक. तुसासारखाच तांदळाचा कोंडाही कामाचा: त्यात १५ ते २० टक्के तेल असतं, पण भरडल्यावर ते लगेच खवट होऊ लागतं. म्हणून गिरणीतच कोंड्याला वाफ द्यायला हवी.